कडबा शिजवलेला मायक्रोवेव्ह

आईच्या तेराव्याची जेवणं उरकली आणि मोडनिंबला परत निघालेल्या आत्यानं एकच वस्तू मागितली, मायक्रोवेव्ह. "वहिनीची आठवण म्हणून न्हेते. हितं पडूनच हाय की."

पडून होता खरा. पण मला तो कुणालाच द्यायचा नव्हता.

भेट म्हणून आलेल्या त्या यंत्रात आईनं कधी पाणीसुद्धा तापवलं नव्हतं. दार घट्ट लागतं, मुंग्या शिरत नाहीत, म्हणून ती त्यात कडक भाकरी ठेवायची. मग माझं संशोधन सुरू झालं. ज्वारीच्या ताटाला ताठ उभं धरतं ते लिग्निन. ते काढलं की उरलेल्या तंतूंपासून साखर आणि पुढे इंधन करता येतं. त्यासाठी बारीक केलेला कडबा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवून मायक्रोवेव्हमध्ये तापवायचा. प्रयोगशाळेतला बंद पडला, तेव्हा आईनं आपल्या भाकऱ्या डब्यात हलवल्या आणि यंत्र गच्चीवरच्या खोलीत नेऊन दिलं.

"जनावरं कच्चाच खात्यात. तू शिजवून घालणार व्हय?" असं म्हणत ती घड्याळ घेऊन शेजारी बसायची. अर्धं मिनिट चालू, अर्धं मिनिट बंद, नाहीतर सगळं उतू जायचं. पाणी काळपट झालं की आमटीला तर्री आल्यासारखी खूश व्हायची. "सुटलं बघ तुझं लिग्निन!"

आत्याला मी आधी खरं तेच सांगितलं. "आत्या, त्यात कॉस्टिक तापवलंय. आता त्यात खायचं काही करता येत नाही."

"चिंच लावून घासते की. तांब्याचे हंडे लख्ख करती मी, ह्याचं काय घिऊन बसलीस!"

मी फार कमी बोलते, त्यामुळे माझा संशय कुणाला येत नाही. "बरं," मी म्हटलं, "न्यायच्या आधी चालतो का ते तरी बघू." उरलेला कडबा पिशवीत होताच. सोडा न घालता नुसत्या पाण्यात भिजवला, आत ठेवला आणि न थांबता चार मिनिटं लावली. आईनं मला रागावून हाकललं असतं.

आधी उतू गेलं, मग करपलं. घरभर ओल्या गोठ्याचा वास. आत्यानं नाकाला पदर लावला.

"हा वास आता जात नाही, आत्या. कितीही घास." हे धडधडीत खोटं होतं.

 आत्या म्हणाली, "मिक्सर मागितला तवा तुज्या आईनं असंच केलं व्हतं. ओल्या मिरच्या वाटल्या आन् झाकण माज्या नाकाखाली उघडलं. दोन दिवस शिंकत व्हते मी."

तेरा दिवसांत पहिल्यांदा मी हसले. आत्याही हसली, हसता हसता पदर नाकावरून डोळ्यांवर गेला. "ठिव तुलाच," म्हणाली.

तिची एसटी गेल्यावर मी घरी आले. वास तसाच होता. संध्याकाळपर्यंत मी खिडक्या उघडल्या नाहीत.