दहा किलो वांगी आणि माझी खात्री

गेल्या रविवारी मी दहा किलो भरिताच्या वांग्यांची वाट लावली. तीही होणाऱ्या सासऱ्यांच्या समोर.

आधी माझं दुखणं सांगतो. मी जळगावला पाईपच्या कंपनीत क्वालिटी चेकिंगला आहे. म्हणजे दिसेल त्या वस्तूवर संशय घ्यायचा मला पगार मिळतो... आणि ती सवय मी पल्लवीपर्यंत नेली.

पल्लवी धुळ्याची, शाळेत शिकवते. चार महिन्यांपूर्वी आमचं ठरलं, दोघांच्या पसंतीने. मुलगी हुशार, मोकळी, मला पोट धरून हसायला लावते. सगळं दृष्ट लागण्यासारखं जुळलं आणि एका सकाळी दात घासता घासता माझ्या मनात आलं, पण मला ती *नक्की* आवडते ना?

झालं! तेव्हापासून डोक्यात भुंगा. तिचा फोन आला की मी आधी छातीवर हात ठेवून बघायचो, धडधड वाढली का. वाढली तर वाटायचं, आत्ताच जिना चढलोय म्हणून असेल. नाही वाढली तर दिवसभर घास गोड लागायचा नाही.

इंटरनेटवर 'खरं प्रेम ओळखा' छापाच्या टेस्ट दिल्या. एकीत पास, दुसरीत नापास, म्हणून मग तिसरी... एका लग्न झालेल्या मित्राला विचारलं, तुला लग्नाआधी शंभर टक्के खात्री होती का रे? तो म्हणाला, "भो, पोरगं दुसरीत गेलं, माझं खात्री करणं अजून चालू आहे."

पल्लवीलाही मी सोडलं नाही. तुला मी आवडतो ना, काल नुसतं 'हं' म्हणालीस ते कंटाळून का, आपण खरंच सुखी होऊ ना... ती समजावायची, मला तासभर बरं वाटायचं, की पुन्हा पहिल्यापासून. शुक्रवारी ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "रोज परीक्षा देऊन दमले मी. रविवारी आम्ही येतोय ना, तेव्हा समोरासमोर सांग. साखरपुडा करायचा की नाही." आणि फोन ठेवला.

रविवारी मुक्ताईनगरजवळ मामाच्या शेतात भरीत पार्टी होती. दोन्हीकडची मिळून तीसेक माणसं. पल्लवी आली, सगळ्यांशी हसून बोलली, माझ्याशी मोजकंच.

मामाने मला सगळ्यात सोपं काम दिलं. प्रत्येक वांग्याला सुरीने दोन टोचे मारायचे, तेलाचा हात फिरवायचा, बस. टोचे नसले तर वांगं जाळात फुटतं. आणि चिरलं तर रस गळून जातो, मग त्याचं भरीत होत नाही... हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

मलाही माहीत होतं हो! पण पहिलंच वांगं हातात घेतलं आणि वाटलं, आत कीड असली तर? म्हटलं, एकच चिरून बघू.

स्वच्छ निघालं. मग वाटलं, हे चांगलं होतं, पण शेजारच्याचं काय? मनात पल्लवीला काय सांगू हे चाललेलं आणि हात आपले चिरतायत... भानावर आलो तेव्हा टोपली रिकामी होती आणि ताडपत्रीवर फाकींचा ढीग.

तेवढ्यात पल्लवीचे वडील, नाना, माठाकडे पाणी प्यायला आले. ढीग बघून जागीच थांबले. "जवाईबापू, हाई काय करं? बठ्ठा वांगा चिरी टाकात!"

सगळी वांगी चिरली हे ऐकून मामा पळत आला आणि डोक्याला हात लावून बसला. कपाशीच्या काड्या पेटलेल्या, कांद्याची पात चिरलेली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांचं पीठ मळलेलं... आणि भरिताला एक वांगं नाही. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला.

पल्लवी येऊन शेजारी उकिडवी बसली. किती किडकी निघाली, विचारलं तिने. एक, मी म्हणालो. "मग? आता झाली खात्री?"

खोटं बोलता आलं असतं. पण म्हणालो, नाही गं... एखादं नीट बघायचं राहिलं असेल असं वाटतंय. ती खळखळून हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मग माझाही बांध फुटला. छातीवरचा हात, त्या टेस्ट, सगळं सांगून टाकलं. तू नाही म्हणशील या भीतीने दोन दिवस जेवलो नाही, हेही.

आता ती समजावेल म्हणून मी वाट बघत राहिलो. तिने समजावलं नाही. म्हणाली, "तुझी खात्री कधी होईल असं मला वाटत नाही. खात्री नसताना साखरपुड्याला येशील का, एवढंच सांग."

"येईन."

तोंडातून निघूनच गेलं. लगेच भुंगा सुरू... विचार न करता बोललास, ते खरं कसं धरायचं? पण पहिल्यांदाच मी त्याला उत्तर दिलं नाही. उठलो आणि पाणी भरायला गेलो.

तोवर आई आणि मामीने फाकी मोठ्या पातेल्यात टाकून घोटायला घेतल्या होत्या. आमच्या खान्देशात लग्नाच्या पंगतीला असते ती घोटलेली वांग्याची भाजी! नाना दुसऱ्यांदा वाढून घेत म्हणाले, भरीत खायला आलो आणि लग्नाचं जेवण जेवून चाललो. हसून हसून मामाला ठसका लागला.

साखरपुडा पुढच्या महिन्यात आहे. खरं सांगू? खात्री अजूनही नाही. शंका तर मांडवात येणारच, तिला कुठं आमंत्रण लागतं... पण मी येतोय.

पल्लवी, त्या दिवशी तू मला समजावलं नाहीस, त्याबद्दल मनापासून थँक यू.