दुसऱ्या मनोऱ्याचा शोध

समस्त सोलापूरकरांना, आणि त्यातही शेजारच्या दारात काय चाललंय यावर अखंड पहारा देणाऱ्या आमच्या गल्लीतल्या सोलापूरकरांना, अत्यंत गांभीर्याने जाहीर करण्यात येते की आमचे मामय्या गोव्याला जाऊन आले. अफवांवर विश्वास ठेवू नये. त्यांना पुन्हा दवाखान्यात हलवलेलं नव्हतं. ते समुद्रावरही गेले नाहीत. ते चर्च बघायला गेले होते, आणि त्यांना तिथवर नेण्याचा संपूर्ण कट माझा होता.

मामय्या म्हणजे माझे सासरे. आमच्या तेलुगू घरांत सासऱ्यांना हीच हाक. आम्ही घरात तेलुगू बोलतो, गल्लीत मराठी, आणि भांडताना जी आधी सुचेल ती. मामय्यांनी जन्मभर चादरींच्या नक्ष्या काढल्या, म्हणून अख्खा बाजार त्यांना मास्तर म्हणतो. चौकडीच्या कागदावर एकेक घर रंगवायचं, त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, आणि त्या पट्ट्या मागावर चढल्या की चादरीवर मोर उतरायचे, वेली उतरायच्या. यातली खरी गंमत अशी की नक्षी निम्मीच काढायची असते. उजवा मोर तुम्ही काढायचा. डावा मोर माग आपणहून उलटा विणतो. त्यामुळे उजवीकडे जे आहे ते डावीकडे असलंच पाहिजे, हा मामय्यांचा फक्त चादरीपुरता नियम नव्हता, तो त्यांचा एकूण जगाबद्दलचा हट्ट होता. मी लग्न होऊन आले तेव्हा हौसेने दाराच्या एका बाजूला माझ्या आईवडिलांचा फोटो लावला. संध्याकाळी पाहते तर दुसऱ्या बाजूला, बरोबर त्याच उंचीवर, त्याच मापाची गणपतीची तसबीर.

अशा माणसाची नेमकी डावी बाजू गेली. अर्धांगाचा झटका आला. पाय बराचसा परत आला, काठी घेऊन चालता येईल इतका. हात काही आला नाही. तेव्हापासून मामय्या आतल्या खोलीत पलंगावर बसून असत, हातावर टॉवेल पांघरलेला. कुणी भेटायला आलं की ते झोपेचं सोंग घेत. मी शाळेच्या स्नेहसंमेलनात तीन वर्षं राणीचं काम केलेली बाई आहे, मला सोंगाची पारख आहे. त्यांचं घोरणं अव्वल दर्जाचं होतं.

एवढं चालून गेलं असतं. पण माझ्या मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं आणि मामय्यांनी जाहीर केलं, "मी येणार न्हाई. तब्येत बरी न्हाई म्हणून सांगा सगळ्यांना."

"तब्येत बरी आहे की तुमची," मी म्हणाले.

"हे लोंबतं घेऊन मांडवात बसू? अख्खं सोलापूर येणार. मास्तरचं काय झालं बघा म्हणणार."

ही मुलगी त्यांच्या मांडीवर वाढलेली. त्यांच्या रंगाच्या डब्या सांडत, त्यांच्या कागदांवर रांगत. ती स्वयंपाकघरात येऊन रडली, मग नाक पुसून मला म्हणाली, "आई, तू काहीतरी कर. तुझं डोकं वाकडं चालतं, चालव."

मी चालवलं. मामय्यांना लाज वाटत होती ती माणसांची नव्हे, ओळखीच्या माणसांची. तेव्हा आधी त्यांना अनोळखी माणसांत बसवायचं. रंगीत तालीम म्हणा ना. लग्नाआधी मुलीला गोवा बघायचाय अशी थाप मी ठोकली आणि नवऱ्याला खरेदीच्या याद्या देऊन नवी पेठेत सोडून दिलं.

"मला समुद्र बघायचा न्हाई," मामय्या म्हणाले. "पाणी ते पाणीच."

"समुद्र नाही. जुन्या गोव्यातली चर्च बघायची. जुनी राजधानी होती ती."

"चर्च सोलापुरात हायेत की."

"आतून बघितलीत कधी?"

त्यांनी टॉवेल सारखा केला. "तितं वळखीचं कोण भेटंल?"

"चिटपाखरू नाही. शप्पथ."

या शपथेचं पुढे काय झालं ते येईलच.

जुनं गोवं पाहून मी थोडी गोंधळले, हे कबूल करते. राजधानी म्हटल्यावर मला बाजार, गल्ल्या, निदान एखादा चौक हवा होता. तिथे नुसती हिरवळ, आणि हिरवळीवर आपापल्या जागी उभी प्रचंड चर्च. पूर्वी इथे गजबजलेलं शहर होतं म्हणतात. रोगराई आली, माणसं हलली, राजधानीही हलली. माणसांची घरं मातीत गेली आणि देवाची तेवढी राहिली. मुलगी फोटो काढत होती आणि मी विचार करत होते: घर कशाने उभं राहतं? दगड उत्तम होता, पैसा होता, सत्ता होती. तरी सगळे निघून गेले. आमचं सोलापूर कुठल्या बादशहाची राजधानी झालं नाही. कदाचित म्हणूनच उन्हाला, धुळीला आणि एकमेकांना शिव्या देत आम्ही सगळे तिथेच आहोत. असले विचार मला क्वचित येतात. आले की मी ते पाहुण्यांसारखे बसवून घेते, चहा देते.

मामय्या गाडीतून उतरायला तयार नव्हते. ड्रायव्हरने दार उघडून ठेवलं होतं. ते आत, टॉवेल मांडीवर, नजर पायाशी. "तुमी जावा. मी हितं बसतो."

"ताता, एकदा वर तरी बघा ना," मुलगी आजोबांना म्हणाली.

त्यांनी वर पाहिलं. समोर ते मोठं पांढरं चर्च होतं. रुंद दर्शनी भिंत, मधोमध दार, खिडक्या दोन्हीकडे अगदी मोजून मापून. आणि मनोरा एकच. डाव्या हाताला चौकोनी, भरभक्कम मनोरा. उजव्या हाताला, जिथे तसाच दुसरा हवा, तिथे नुसतं आभाळ. नव्हता तो आमच्या उजवीकडचा, म्हणजे त्या इमारतीचा डावा.

"दुसरा कुठाय?" मामय्यांनी विचारलं.

"दुसरा काय?"

"मनोरा, अम्मा! हा एक. ह्याचा जोडीदार कुठाय?"

"नसेल."

"नसेल कसा? खिडक्या बघ. सारख्या. कोनाडे बघ. सारखे. एवढं सगळं जुळवणारा माणूस वर येऊन चुकंल? झाडामागं असणार."

आणि मामय्या गाडीतून उतरले.

मी शपथेवर सांगते (ही शपथ वेगळी), घरात पलंगापासून ओसरीपर्यंत यायला जो माणूस तीनदा थांबायचा, तो काठी टेकत त्या हिरवळीवरून असा निघाला की जणू मागावर चुकीची पट्टी चढली आहे आणि माग चालू आहे. आधी झाडामागे जाऊन पाहिलं. मग चर्चच्या बाजूने थेट मागच्या टोकापर्यंत गेले, वाट संपली तिथून परत फिरले. मनोरा जसा काही कुणी उचलून मागच्या अंगणात ठेवला असेल! आम्ही दोघी मागून धावतोय. वाटेत टॉवेल गळून पडला. मुलीने तो उचलला आणि त्यांना हाक मारायला तोंड उघडलं, तोच मी तिचं मनगट धरलं.

"गप्प बस," मी म्हणाले. "पिशवीत टाक तो."

आता तो हात उघडा होता. उन्हात, चारचौघांत, चालताना हलत होता. माणसं येत होती, जात होती, कुणी पाहत होतं, कुणी नाही. मामय्यांचं लक्षच नव्हतं.

आणि नेमक्या या घटकेला मागून आवाज आला, "ओ मास्तर! तुमी हितं?"

नवी पेठेतला कापडवाला. मामय्यांच्या मोरांच्या चादरी ज्याने वर्षानुवर्षं विकल्या, तो. सोबत बायको, डोक्यावर टोपी, हातात नारळपाणी. सोलापूरचा माणूस गोव्यात फिरायला येऊ शकतो हे माझ्या वाकड्या डोक्याला सुचलंच नव्हतं. त्याची नजर आधी काठीवर गेली, मग हातावर, आणि तिथेच अडकली. चेहऱ्यावर ती कळवळ्याची सुरकुती येऊ लागली. मामय्या ज्या सुरकुतीपासून इतके महिने आतल्या खोलीत लपून होते, तीच ती.

"अरेरे, मास्तर..."

"हात काय बघतोस?" मामय्या ओरडले. "वर बघ! एकच हाय!"

कापडवाल्याने घाबरून वर पाहिलं. "काय एकच?"

"मनोरा! तुला दिसतोय का दुसरा?"

"न्हाई बा."

"मग हुडक की!"

आता आम्ही पाच जण मनोरा शोधत होतो. शेवटी तिथला पहारेकरी आला. म्हातारा, शांत माणूस. त्याने सांगितलं की दोन होते. एक फार पूर्वी पडला. वीज कोसळली म्हणतात.

"मग परत बांधला का न्हाई?" मामय्यांनी त्याला असं विचारलं की जणू ठेकेदार तोच होता.

"नाही बांधला."

"इतक्या वर्षांत?"

"नाही."

"आणि घंटा? ती कुठली, पडलेल्यातली का ह्यातली?"

"ह्यात आहे. वाजते अजून. मोठी आहे, लांबवर ऐकू जाते."

"आणि लोक? येतात?"

पहारेकऱ्याने आजूबाजूच्या गर्दीकडे हात केला.

मी काही बोलले नाही. माझ्या आयुष्यात असे प्रसंग मोजके. जिभेवर चांगली सात-आठ वाक्यं येऊन उभी होती, एकाहून एक सुभाषितं. मी ती सगळी गिळली. काही गोष्टी माणसाला आपल्या आपण दिसू द्याव्यात. कुणी बोट दाखवलं की तो बोटाकडेच पाहत बसतो. मामय्या बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे पाहत उभे राहिले. आधी भुवया आवळलेल्या होत्या, नक्षीतली चूक सापडल्यावर असायच्या तशा. मग हळूहळू सैल झाल्या.

"वाईट दिसत न्हाई पण," ते स्वतःशीच म्हणाले.

कापडवाल्याला तेवढीच फट मिळाली. "मास्तर, पत्रिका पोचली बरं का. नातीच्या लग्नाला तुमी मांडवात असणारच की?"

मुलीने माझा हात घट्ट दाबला. मामय्या वळले आणि रस्त्यापलीकडच्या लाल दगडाच्या चर्चकडे चालू लागले.

त्या चर्चमध्ये गर्दी होती, तरी आत शांतता होती. शांतता राखा असं लिहिलेलंच होतं. लोक कुजबुजतही नव्हते, नुसत्या खुणा करत होते. समोर सोनेरी नक्षीची उंच भिंत, मेणाचा वास, बाकांवर प्रार्थनेला बसलेली माणसं. मामय्या एका बाकाच्या टोकाला बसले. मला वाटलं, नक्षी बघत असतील, घरं मोजत असतील. पण त्यांची मान खाली होती. त्यांनी डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर उताणा ठेवला होता आणि त्याची बोटं ते एकेक करून मिटत होते. मूठ करायची होती. चार बोटं मिटली, सोडल्याबरोबर परत उघडली. पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. मूठ काही टिकेना. मुलगी माझ्या शेजारी उभी. पुढच्या बाकावर कापडवाला हात जोडून बसलेला.

मामय्यांनी तो हात सोडून दिला. उजवा हात सदऱ्याच्या वरच्या खिशात घातला, आत चाचपलं, बाहेर काढला, हवेत काहीतरी उडवल्यासारखा केला. पुन्हा खिशात, पुन्हा हवेत. आणि एकदम, त्या सगळ्या शांततेत, सोलापूरच्या मागांच्या खडखडाटावर मात करायला कमावलेल्या आवाजात ओरडले,

"अगं, अक्षता मुठीत कशाला, खिशात ठेवायच्या की! उजव्या हातानं काढायच्या आन टाकायच्या, हाय काय आन न्हाय काय!"