साडभाऊंचा जबाब

माझ्या साडभाऊंविरुद्ध बस डेपोत निनावी तक्रार करणारा माणूस मीच. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांचं कौतुक करू लागलो तर ते किती मनावर घ्यायचं हे वाचणाऱ्याला ठरवता येईल. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जैनथ ते आदिलाबाद या गाडीवर ते कंडक्टर होते, आणि पेनगंगेच्या अलीकडे त्यांच्याइतका चौकस माणूस आजवर झालेला नाही. त्यांच्या गाडीत तिकीट काढायचं म्हणजे सोयरिकीच्या बैठकीला बसायचं. कुठून आलात, कोणाचे, घरी कोण आजारी, एवढं कळल्याशिवाय मशीनमधून कागद बाहेर यायचा नाही. म्हाताऱ्या बाईला ते विचारत, "मावशी, गुडघा कसा हाये? मांगच्या सोमवारी डावा दुखत होता नं?" एखादा नवा जावई चढला की म्हणत, "पाव्हणे, मयन्यात तिसऱ्यांदा चालले तुमी. सासुरवाडीत किंमत ऱ्हाईन का असं केल्यानं?" तेलुगू माणसाशी ते तेलुगू बोलत, पण शेवटी 'नं बाप्पा' लावत, आणि तो माणूसही उतरताना 'नं बाप्पा' म्हणून जाई. स्वतःच्या सीटवर त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. तिथे वांग्याची टोपली असे, नाहीतर एखादी गरोदर बाई. कधी टोपली एकटीच प्रवास करी. मालकीण भीमपूरला लेकीकडे गेलेली असे आणि साडभाऊ ती टोपली बाजारात तिच्या बहिणीच्या हाती देत, "वरून चार वांगे मी घेतले, सांगजा तिले" असं बजावून.

आमची सांची तीन वर्षांची झाली तरी चमचा धरत नव्हती. उशिरा चालली, शब्द चार-पाचच. हातात काही दिलं की मूठ उघडीच राही आणि वस्तू खाली पडे. मी मास्तर. दर वर्षी दुसऱ्यांच्या घरी जाऊन अशा मुलांची नावं फॉर्मात भरणारा. पण आपल्या घरात मी म्हणत होतो, "मीही उशिराच बोललो होतो." शेवटी बायकोने हट्टच धरला, तेव्हा दवाखान्यात दाखवलं. सोबत साडभाऊ होते. डॉक्टरांनी विकास मागे आहे म्हणून सांगितलं आणि एका कागदावर 'ऑक्युपेशनल थेरपी' असं लिहून दिलं. हाताबोटांचे, रोजच्या कामांचे व्यायाम खेळातून शिकवतात, जितकं लवकर तितकं बरं, नागपूरला मिळेल, हैदराबादला मिळेल, इथलं विचारून बघा, असं ते म्हणाले. मी कागदाची घडी करून कपाटात ठेवली. साडभाऊंनी मात्र 'विचारून बघा' हा हुकूमच मानला.

दुसऱ्या दिवसापासून ते गाडीत प्रत्येकाला विचारू लागले. कोणी नंबर सांगितला की तो बॉलपेनने डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत. संध्याकाळी माझी मेहुणी ते नंबर उतरवून घेई आणि तोवर त्यांना आंघोळीला जाऊ देत नसे. एकदा घामाने शेवटचा आकडा पुसला, तर त्यांनी शून्यापासून नवापर्यंत दहाही नंबर लावून पाहिले. त्यातून निघालं काय, तर एक हाड बसवणारा, एक गुरांचा डॉक्टर आणि एक भरतकाम शिकवणारी बाई. त्या बाईशी ते पंधरा मिनिटं बोलले आणि वर सांगितलं, "बाई लय चांगली हाये. पन पोरीनं आधी सुई धरली पाह्यजे म्हन्ते."

एका सकाळी मीही त्या गाडीत होतो. माझी शाळा आदिलाबादच्या अलीकडे, राहायला जैनथला, त्यामुळे रोजचीच गाडी. माझे दोन सहकारी शेजारी होते, अर्धं गाव मागे. साडभाऊ मधल्या वाटेत उभे राहून मोठ्याने म्हणाले, "बाप्पाहो, हे आपले मास्तर. यायच्या पोरीच्या हातात काई ऱ्हायत नाही. हात शिकवनारं कोनी असन तं सांगा." सगळी गाडी माझ्याकडे वळली. एक सहकारी हळूच म्हणाला, "सर, कधी बोलला नाहीत." माझ्या कानशिलांतून वाफ निघाली. त्याच आठवड्यात मी उत्तम तेलुगूत तक्रार लिहिली, टाइप करून घेतली आणि खाली 'एक प्रवासी' म्हणून पाठवली. कंडक्टर प्रवाशांच्या खासगी गोष्टी चव्हाट्यावर आणतो, गाडीला उशीर करतो. उशिराचं तर मी खोटंच घातलं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी साडभाऊ घरी आले. खिशातून कागद काढला. "मास्तर, कोन्या मानसानं माही तक्रार केली. जबाब मांगून राह्यले. तुमची तेलुगू पक्की. लिहून द्या." त्यांनी मला ती वाचायला लावली. माझीच वाक्यं मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. ते मान डोलवत होते. "लिहिनारा शिकेल हाये पन," ते म्हणाले. "कसं मुद्द्याले मुद्दा लावला!"

मग मी जबाब लिहायला घेतला. सांची त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्या शर्टाच्या गुंडीला हात लावत होती. मी शेवटी लिहिलं की यापुढे प्रवाशांकडे खासगी चौकशी करणार नाही. हे वाक्य असतं तर प्रकरण मिटलं असतं. पण मी वाचून दाखवताच त्यांनी हात वर केला. "हे काढा."

"दादा, हे नसलं तर गाडीवरून काढतील तुम्हाला."

"काढू द्या. पोरीसाठी अजून कोनी भेटलं नाही. इचारीन तं मी उद्याबी. मंग खोटं काऊन लिवता?"

मी ते वाक्य खोडलं. तेव्हा सांगता आलं असतं. बायकोने चहा आणला आणि मी चहा प्यायलो.

आठ दिवसांत त्यांना गाडीवरून काढून स्टँडवर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा लिहायला बसवलं. त्यांच्यासारख्याला ही शिक्षा फार बारीक विचार करून दिल्यासारखी होती. समोर रोज हजार माणसं, आणि अर्धं वाक्य होतं न होतं तोच गाडी सुटायची. आमच्या गाडीवर एक अबोल पोरगा आला. गाडी शांत झाली. मी खिडकीशी बसून पेपर वाचू लागलो आणि मला बरं वाटत होतं, हेही लिहायलाच हवं. ते वर्ष मी काहीही केलं नाही.

साडभाऊ मात्र थांबले नव्हते. एकदा बेल्लमपल्लीची गाडी तासभर उशिरा आली आणि त्यांना एका आजीबाईबरोबर अख्खा तास मिळाला. तिच्या नातीला शिकवायला येणारी थेरपीवाली बाई दर गुरुवारी आदिलाबादलाही येते, एका जुन्या इमारतीच्या मागच्या खोलीत बसते, हे त्यातून निघालं. ती खोली माझ्या शाळेपासून पायी वीस मिनिटांवर होती.

आम्ही गेलो, साडभाऊही आले. बाई तरुण होती. तिने सांचीपुढे कणकेचा गोळा ठेवला, सोयाबीनचे दाणे आणि एक बाटली ठेवली, आणि तासभर पाहत राहिली. मग मला म्हणाली, "सर, एक साल पहले लाते तो अच्छा था." किती सुधारेल ते आत्ता सांगता येणार नाही, लिहिता येईलच असं नाही, हेही तिने सांगितलं. मी मान हलवली.

सांचीला आत तिच्यापाशी ठेवून मी आणि साडभाऊ बाहेर आलो, तर बाकावर एक बाई मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मला पाहून हसली. "सर, तुमी तं आमच्याच गाडीत असता. आमी दर गुरवारी येतो नं, वर्ष होत आलं. तुमच्या म्होरच्याच सीटवर असतो कदी कदी."

मला ती आठवली. ती मुलगीही आठवली. तिची मान एका बाजूला कलायची आणि मी पेपर वर धरायचो.

साडभाऊंनी तिला विचारलं, "कोन्या मयन्यापासून येता, बाई?" तिने सांगितलं. त्यांना गाडीवरून काढलं त्याच्या पुढचाच महिना. ते बोटांवर मोजत राहिले. मग, त्यांचा आवाज इतका लहान होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं, ते म्हणाले, "पह्यल्याच दिशी इचारलं असतं नं मी हिले." तक्रार करणाऱ्याला एक शिवी दिली असती तरी मला सोपं गेलं असतं. ते बाकावर बसून आतल्या दाराकडे बघत राहिले. आत दाणे जमिनीवर सांडल्याचा आवाज येत होता, थोड्या वेळाने परत येत होता.

मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. ती बाई ऐकत होती, आणखी दोघं-तिघं ऐकत होते. मी आवाज खाली केला नाही.

"दादा, तो कागद म्या लिवला होता. मले माह्या पोरीची लाज वाटली, अन् ती म्या तुमच्यावर काढली. तुमची गाडी गेली अन् तिचं वर्ष गेलं. दोन्ही म्या घालवलं. मले माफ करा."