नकाशाच्या कापडाचं झबलं

रोहण्याला आमच्या शेजारी एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर राहायचे. पुलगाव-आर्वीच्या छोट्या गाडीची रेल्वेलाइन टाकली गेली तेव्हा त्यांचे आजोबा त्या कामावर नकाशे उतरवायला होते. साहेबाच्या नकाशावर खळ दिलेलं, आरपार दिसणारं चकचकीत कापड पसरायचं आणि रेघा गिरवायच्या, ही नोकरी. उरलेल्या तुकड्यांवर मात्र ते समोर दिसेल ते काढायचे. भरावावर माती टाकणाऱ्या बाया, रुळाखालचे लाकडी स्लीपर ओढणाऱ्या बैलगाड्या, पुलाच्या अर्ध्या खांबावर भाकर खात बसलेला गवंडी. डोक्यावर टोपलं घेऊन मागं वळून हसणारी त्यातली एक बाई पुढे मास्तरांची आजी झाली. तिचा फोटो कधी निघालाच नाही. तिचं तोंड जगात उरलं होतं ते त्या एका तुकड्यावर.

मी लग्न होऊन आले तेव्हा मास्तरांनी पेटी उघडून सगळी चित्रं मला दाखवली. तेव्हा आवडलीही. पण पुढं रोज तेच, आणि गाडी बंद पडल्यावर तर त्यांना दुसरा विषयच उरला नाही. मी तांदूळ निवडता निवडता "हो मास्तर, हो" करायची आणि मनात म्हणायची, आता उठा एकदाचे. माझ्या अंगात धीर म्हणून नाही. सासूबाई हसून म्हणायच्या, "हिले दूध तापेपर्यंतही दम निघत नाई."

दुसरं बाळंतपण म्हणून मी माहेरी गेले नव्हते. दिवस भरत आले होते. मास्तर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे अमरावतीला निघाले आणि जाताना पत्र्याची एक लांब नळी माझ्या हातात देऊन काहीबाही सांगू लागले. चुलीवर भात लागत होता. मी ऐकलं ते एवढंच, की कापड लेकराले घेजो.

आमच्याकडे बारशापर्यंत बाळाला नवं कापड घालत नाहीत. जुनं, धुऊन मऊ झालेलंच लागतं. आणि नकाशाच्या कापडासारखं दुसरं नाही, हे सासूबाईंना ठाऊक होतं. गरम पाण्यात सोडा टाकून भिजवलं की खळ सुटते, तिच्यासोबत शाई जाते आणि खाली मलमलीसारखं तलम कापड उरतं. मी नळीतला वरचा तुकडा उलगडून पाहिला. नुसत्या रेघा होत्या. चित्रं काय, त्यांच्या पेटीतच असतात. बाकीची गुंडाळी न उघडता मी बादलीत दाबली.

तासाभरानं पाणी काळं झालं होतं. एक तुकडा वर ओढला तर त्यावर बैलाची शिंगं. दुसऱ्यावर टोपलं, टोपल्याखाली कपाळ, एक डोळा आणि ओठांची अर्धी कड. आणि तेव्हा मास्तरांचं सगळं बोलणं आठवलं. "माह्या घरावरचे कवेलू फुटले, पाणी गळते, पेटी ओली होते, म्हणून सारं यात भरलं. बाहेरचे दोन तुकडे रेघाचे हायेत, ते लेकराले घेजो. आतल्याले हात लावू नको." कानावर सगळं पडलं होतं, मीच आत घेतलं नव्हतं.

आता खरं सांगते. तो तुकडा मी तसाच सावलीत वाळत घातला असता तर अर्धं तोंड तरी वाचलं असतं. पण मास्तर काय म्हणतील, गाव काय म्हणेल, या भीतीनं मी तो परत पाण्यात घातला आणि चोळला. तो डोळा जाईपर्यंत चोळला. बादलीत टाकेपर्यंत ती चूक होती. पुढचं मी समजून उमजून केलं, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.

"किती मऊ निघालं व माय," म्हणत सासूबाईंनी त्याच तुकड्याचं झबलं शिवलं.

बारशाच्या सकाळी मास्तर आले. काळा चष्मा, चेहरा नुसता फुललेला. बाळाला अजून नवं घातलं नव्हतं, अंगात तेच झबलं होतं. त्यांनी पाळण्याकडेही पाहिलं नाही. "बेटा, ते नळी आण. किती वर्स झाले, आजी धुकट दिसून राह्यली होती. आता नीट पाह्यतो."

"वाळवी लागली, मास्तर," मी म्हणाले. "सारं खाल्लं."

नळी पत्र्याची होती, हेही मला सुचलं नाही.

मास्तरांनी बाळाला मांडीवर घेतलं, चष्मा काढला आणि झबल्याची कड दोन बोटांत धरून उजेडाकडे केली. तिथं शिवणीलगत टोपल्याच्या काठाची फिकट रेघ उरली होती. मला ती दिसलीच नव्हती. ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले.

"आता हे गरम पाण्यात टाकू नको, बेटा," ते म्हणाले. "थंड्या पाण्यात धुजो."

तेव्हा तरी मी कबूल करायचं. मी म्हणाले, "हो मास्तर, हो."

झबलं मी पुन्हा पाण्यात घातलंच नाही. मास्तर पुढं बरीच वर्षं होते. त्या झबल्यातली माझी मुलगी शाळेत जायला लागली, तरी ते रोज आमच्या ओट्यावर येऊन बसायचे, पण रेल्वेची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. शेवटी एकदा मीच म्हटलं, "मास्तर, आजीची गोष्ट सांगा न."

"राहू दे बेटा," ते म्हणाले. "तुले काम असन."

त्या दिवशी मला काही काम नव्हतं.