पंधरवड्याचं गॅस्केट

जोतिबाच्या चढावर माझी गाडी वाफ सोडत पुन्हा उभी राहिली, तेव्हा पंधरवड्यापूर्वी बदललेलं इंजिनाच्या हेडखालचं गॅस्केट पुन्हा फाटलंय हे कळायला मला मिस्त्री लागला नाही. शिरोलीच्या कारखान्यात मी इंजिनाची हेडंच तपासतो. केसाएवढा उंचवटा राहिला तरी आम्ही हेड परत पाठवतो. आणि तसलंच नाजूक, माझ्या गाडीचं हेड आमच्या गडमुडशिंगीच्या मिस्त्रीनं माझ्या डोळ्यांदेखत, पान्याला लोखंडी पाइप लावून, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीनं आवळलं होतं.

"मधल्या बोल्टपासून बाहेर जायचं असतं, तेही थोडं थोडं आवळत," मी तेव्हाच म्हणालो होतो.

"पावणं, पुस्तकं घरी ठेवा. ह्यो हातच काटा हाय की!" तो ओरडला होता. आणि मी, एवढा तपासनीस, पैसे मोजून गाडी घेऊन आलो होतो.

गाडी ओढत त्याच्याकडेच नेली. "गॅस्केट डुप्लिकेट निघालं," तो म्हणाला. म्हणजे हात निर्दोष!

"किती जोर लागला ते दाखवणारा टॉर्क पाना न्हाय व्हय तुमच्याकडं?" मी विचारलं.

"न्हाय कसा? हाय की!" त्यानं फळीवरची पेटी मोठ्या मानानं खाली काढून उघडली. पाना कोरा करकरीत होता. दर खंडेनवमीच्या पूजेतल्या हळदकुंकवाचे थर त्याच्या मुठीवर वाळून बसले होते. पाना कधी हातात धरल्याची एकही खूण त्यांवर नव्हती.