वरून भर घातलेलं पाणी

नाहूरचं हे घर घेताना खाडीचा वारा येतो असं सांगितलं होतं. वारा येतो, खोटं नाही. त्याच्याबरोबर मिठागरांवरून डासही येतात, ते तेवढं सांगायचं राहिलं. पण बायको होती तोवर डासांचं खातं तिच्याकडे होतं. संध्याकाळी दिवा लावला की ती मातीच्या धुपाटण्यात नारळाची सोडणं पेटवायची, वर कडुलिंबाचा वाळका पाला टाकायची आणि धूर घरभर फिरवायची. मी खोकत खोकत गॅलरीत जायचो. म्हणायचो, "डास राहिले बाजूला, आधी नवरा मरायचा." ती आतून म्हणायची, "तुमी काय मरूचे नाय. डासांपेक्षा चिवट आसात."

तिचं खरं झालं. गेल्या वर्षी तीच गेली. मुलगी तेव्हा पोटुशी होती, म्हणजे नातीचं तोंड काही तिने पाहिलं नाही.

मुलगी बोरिवलीला असते. रविवारी सकाळी बाळाला घेऊन येते आणि दुपारचा चहा झाला की पिशव्या भरायला लागते. "बाबा, निघते रे. अंधार पडला की तुझ्याकडे डासांची पलटण उतरते." कॉइल लावू का म्हटलं तर बाळाला धूर नको. मशीन नको, त्याचा वास नको. कापूर, कडुलिंबाचं तेल, यातलं काहीही बाळाच्या अंगाला लावायचं नाही, डॉक्टरांनी बजावलंय. मग काय, दारापर्यंत सोडायला जायचं, लिफ्ट खाली गेलेली बघायची आणि परत येऊन दोन कप विसळायचे. रविवारची संध्याकाळ मला खायला उठते. मला दुसरं काही नको होतं. नातीने एक रात्र या घरात झोपावं, सकाळी माझ्या डोळ्यांदेखत जागी व्हावं, एवढंच.

मी हट्टाला पेटलो. खिडक्यांना जाळ्या ठोकून घेतल्या. गॅलरीत झेंडू लावला, गवती चहा लावला. नात नसते त्या दिवशी बायकोचं धुपाटणं काढून मीच धुरी दिली. तिचा हात फिरायचा तसा माझा फिरेना. शेजारीण धावत आली, "काका, काय जळतंय?" रोगापेक्षा इलाज भयंकर. चावल्यावर काय लावायचं त्याचे प्रयोगही स्वतःवरच केले. तुळशीचा रस चोळला, कोरफडीचा गर लावला, खाण्याचा सोडा पाण्यात कालवून थापला. गार पाण्याच्या पट्टीने आणि कोरफडीने खाज खरंच कमी होते. पण पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध डास चावला तर एकट्या माणसाने करायचं काय? दाराच्या चौकटीला पाठ घासत उभा राहिलो आणि त्या दिवशी मला रडू आलं. खाजेने नव्हे.

एवढं करून डास होतेच. त्यातही आतल्या खोलीत जास्त. जाळी शाबूत, खिडकी बंद, मग हे येतात कुठून? मी पलंग ओढला, पडदे झटकले, कोपरा न् कोपरा बॅटरी मारून पाहिला. तेव्हा दिसलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आमच्याकडे माणूस जिथे जातं तिथे दिवा लावतात आणि शेजारी पाण्याचा पेला ठेवतात. जीव घराभोवती असतो, त्याला तहान लागते म्हणून. दिवस झाले की उचलतात. बारावं झाल्यावर चुलतभाऊ उचलायला वाकला, तर मी त्याच्यावर ओरडलो. दिवा त्याने नेला, पेला मी तिथेच, पलंगामागच्या कोपऱ्यात, राहू दिला. रोज संध्याकाळी पलंगापाशी बसून तिला दिवसाचं सगळं सांगायचं आणि पाणी आटलं असेल तेवढी वरून भर घालायची. पेला कधी रिकामा केला नाही. पहिल्या दिवसाचं पाणी ओतायला हात धजत नव्हता, आणि भर घातली की तेच पाणी आहे असं मला वाटायचं.

त्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. डास काही सगळे खाडीवरून येत नव्हते. थोडे मीच पाळले होते, तिच्या पाण्यावर.

मी पेला घेऊन गॅलरीत गेलो. तिला म्हटलं, "गो, रागावू नको. पोरगी यायची हा." आणि पाणी झेंडूच्या कोरड्या मातीत ओतलं. पेला घासून फडताळात ठेवला. त्या संध्याकाळी भर घालायला काही नव्हतं, तर बोलायलाही काही सुचेना. घर इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं.

रविवारी मुलगी आली. नवी मच्छरदाणी मी पलंगावर आधीच ताणली होती. फेरीवाला माल दाखवतो तसा मी तिला जाळ्या दाखवल्या, झेंडू दाखवला. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ती पलंगामागचा कोपरा बघत होती.

"बाबा, आईचा पेला?"

"ओतला. अळ्या झालेल्या त्यात." आता रडणार की भांडणार, मी वाट बघत राहिलो.

ती पलंगावर टेकली, बाळाला मच्छरदाणीत ठेवलं आणि म्हणाली, "आज राहते मी."

"डास अजून आहेत गं थोडे," मी म्हटलं. खोटं बोलायचं नव्हतं.

"डासांचं काय घेऊन बसलायस? बोरिवलीला काय कमी आहेत?" ती बाळाच्या पायावरून हात फिरवत होती. "त्या पेल्याजवळ मला झोपवत नव्हतं, बाबा. वाटायचं, आई इथेच तहानलेली बसलीय आणि तू तिला जाऊ देत नाहीयेस."

"मग बोलायचं ना आधी!"

"कशी बोलणार? तू रोज तिच्याशी बोलायचास. माझा फोन आला की दोन मिनिटांत ठेवायचास."