कापूस काळा झाला

परळीत शिवकांताबाईंना खोली मिळत होती, पण कापसाला कुणी दारात उभं करत नव्हतं. कापूस म्हणजे त्यांचा पांढराशुभ्र कुत्रा. एकटी नर्सबाई चालेल, कुत्रं न्हाई, असं जो तो घरमालक तोंडावर सांगायचा आणि बाई तणतणत माघारी फिरायच्या.

केदारअप्पांकडे खोली बघायला जायच्या दिवशीच कापूस स्टेशनाजवळच्या कोळशाच्या ढिगात मनसोक्त लोळून आला. धुवायला वेळ नव्हता. अप्पांच्या एसटीडी बूथमागची खोली दणकट दाराची होती, भाडंही झेपणारं. आता हेही हाकलणार, असं बाईंना वाटलं, तोच अप्पा हात जोडून उठले.

"काळा कुत्रा! बाई, मला साडेसाती हाय. दर शनिवारी काळ्या कुत्र्याला भाकर घाला म्हणले गुरुजी. अख्खी परळी पालथी घातली, एक गावंना. नाव काय ह्याचं?"

"काळू," बाई म्हणाल्या.

उंबऱ्यावर वीजकेंद्राच्या राखेचा कणही खपवून न घेणाऱ्या शिवकांताबाई तेव्हापासून दर शुक्रवारी, स्वतःवरच चरफडत, कुत्र्याला कोळशात लोळवून आणू लागल्या.

एका शनिवारी अप्पांनी लाडानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तळवा काळाकुट्ट झाला आणि पाठीवर पांढरा पट्टा उमटला. बाईंनी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं.

अप्पांनी तळवा पाहिला, पट्टा पाहिला, मग चोरून आभाळाकडं पाहिलं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "माझी साडेसाती संपस्तवर ह्याला आंघोळ घालू नका."